आधी फॉस्फरस बघा, मग नायट्रोजन

नागपुरातून या महिन्यात आलेल्या पत्रांचा विषय जवळजवळ एकच होता: लिपिडच्या (चरबीजातीय रेणूंच्या) पटलात बसलेल्या पेप्टाइडची (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची) रचना सॉलिड-स्टेट एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे सिग्नल मोजून, तेही द्रावणात नव्हे तर घन वा अर्धघन नमुन्यात) काढताना येणाऱ्या अडचणी. पत्रं छाटून, पण आकडे जसेच्या तसे ठेवून देत आहोत.

आमच्या विभागात द्रव नमुन्यांचं एनएमआर यंत्र आहे. पेप्टाइड एसडीएस या डिटर्जंटच्या मायसेलमध्ये टाकलं की रचना मिळते असं वाचलंय. मग सॉलिड-स्टेटची उठाठेव कशासाठी?
*एम.एस्सी. द्वितीय वर्ष, अमरावती रोड*

प्रश्न नुसता 'हेलिक्स (मळसूत्रासारखी गुंडाळी) आहे का' एवढाच असेल, तर उठाठेव करूच नका. सीडी (वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या शोषणाच्या) स्पेक्ट्रममध्ये २०८ आणि २२२ नॅनोमीटरला दोन खळगे दिसले की झालं. त्यासाठी व्हेसिकल (लिपिडच्या पटलाचे पोकळ फुगे) मात्र सोनिकेट करून, म्हणजे ध्वनिलहरींनी फोडून, लहान करा. मोठी असली तर प्रकाश विखुरतो आणि खळगे खोटेच उथळ दिसतात.

मायसेल म्हणजे साबणाचा चिमुकला गोळा, जेमतेम काही नॅनोमीटरचा. त्याचा पृष्ठभाग इतका वाकडा असतो की लांब हेलिक्स त्याला मिठी मारल्यासारखं वाकतं. खरं पटल सपाट असतं. शिवाय पेप्टाइड पटलात उभं शिरलंय की वर आडवं पडलंय, हे गोळ्यात विचारण्यात अर्थच नाही, कारण गोळ्याला वर-खाली नसतं. खऱ्या बायलेयरमध्ये (लिपिडच्या दुहेरी थरात) जावं, तर द्रव एनएमआर हात टेकतं: त्याला रेणू काही नॅनोसेकंदांत गरगरा फिरायला हवा, आणि शंभर नॅनोमीटरचं व्हेसिकल तेवढं चपळ नसतं. रेषा इतक्या रुंदावतात की दिसतच नाहीत.

सॉलिड-स्टेटमध्ये दोन वाटा आहेत. एक, नमुना चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांच्या कोनात हजारो हर्ट्झने फिरवायचा; दिशेमुळे येणारा पसारा पुसला जातो आणि रेषा अरुंद होतात. दुसरी, पसारा पुसायचाच नाही. पटलं काचेवर थरावर थर सपाट मांडायची, म्हणजे रेष कुठे पडली यावरूनच हेलिक्सचा कल कळतो. १५ अमिनो आम्लांच्या ग्रामिसिडिन ए या आयन-वाहिनीची पटलातली रचना १९९३ मध्ये याच दुसऱ्या वाटेने निघाली.

पेप्टाइड २५ अमिनो आम्लांचं, वस्तुमान २७००, पाच लायसिन, मधल्या ल्यूसिनला नायट्रोजन-१५ चं लेबल. विकत घेतलेली पावडर १० मिलिग्रॅम आणि पीओपीसी हे लिपिड १४० मिलिग्रॅम, म्हणजे रेणूंच्या संख्येत १:५० धरलं. क्लोरोफॉर्ममध्ये मिसळून काचांवर पसरलं, वाळवलं, ओलं केलं. रात्रभर मोजल्यावर ७५ पीपीएमला (रेषेची जागा मोजायचं एकक) एक रेष आणि तिच्यामागे ६० ते २२० पर्यंत पसरलेला उंचवटा. सिग्नल अपेक्षेपेक्षा बराच कमी. पेप्टाइड दोन प्रकारे बसलंय असं मानावं का?
*संशोधक विद्यार्थिनी, धरमपेठ*

इतक्यात मानू नका. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही: फॉस्फरस-३१ चा स्पेक्ट्रम. तो असता तर अर्धं पत्र लिहावंच लागलं नसतं. पण आधी वजनाचा हिशेब करू.

विकतचं पेप्टाइड बहुतेक वेळा ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्लाचं, म्हणजे टीएफएचं मीठ असतं. पाच लायसिन आणि एक मोकळं एन-टोक, म्हणजे सहा धन प्रभार, प्रत्येकामागे ११४ वजनाचा एक टीएफए. २७०० चे झाले ३३८४. तुमच्या १० मिलिग्रॅममध्ये पेप्टाइड ८ मिलिग्रॅमच होतं. गुणोत्तर १:५० नव्हतं, १:६२ होतं. पावडरीत आठ टक्के ओलावा धरला (पावसाळ्यात उघडलेल्या कुपीत तो सहज असतो) तर १:६८. सिग्नल पाव हिश्शाने इथेच गेला. ट्रिप्टोफॅन असेल तर वजनावर विसंबू नका, २८० नॅनोमीटरचं शोषण मोजा. एका ट्रिप्टोफॅनमागे गुणांक ५५००.

टीएफए काढून टाकणं बरं. पेप्टाइड मिलिलिटरला १ मिलिग्रॅम या प्रमाणात १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, गोठवा, लायोफिलाइज करा (गोठलेलंच निर्वातात वाळवा), असं तीनदा. तुमच्या पेप्टाइडसाठी हे आम्ल टीएफएच्या पाचपट भरतं, म्हणून पुरतं. त्याहून कडक आम्ल नको, अॅस्पार्टिक-प्रोलिन जोड असेल तर तो तुटतो. टीएफए गेला की नाही ते फ्लोरिन-१९ मध्ये उणे ७६ पीपीएमच्या आसपास बघा, किंवा इन्फ्रारेडमध्ये १६७३ ची पट्टी गेली का ते पाहा. तीच पट्टी पेप्टाइडच्या स्वतःच्या अमाइड-१ पट्टीवर स्वार होऊन हेलिक्सचं गणित बिघडवत असते.

आता मिसळणं. नुसत्या क्लोरोफॉर्ममध्ये लायसिनवालं पेप्टाइड विरघळत नाही, बारीक कण होऊन तरंगतं. भांडं उजेडासमोर धरल्याशिवाय ते दिसत नाही. तुमचा ६० ते २२० चा उंचवटा बहुधा त्याच कणांचा आहे: लिपिडमध्ये न शिरलेलं, कशाही दिशेने पडलेलं पेप्टाइड. आधी पेप्टाइड ४०० मायक्रोलिटर ट्रायफ्लुओरोइथेनॉलमध्ये घ्या, बाथ सोनिकेटरमध्ये दोन मिनिटं ठेवा, मग लिपिडचं क्लोरोफॉर्ममधलं द्रावण त्यात घाला, उलटं नाही. दुधी झाक आली तर ट्रायफ्लुओरोइथेनॉल थेंबाथेंबाने वाढवा. काचेसारखं स्वच्छ झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एकूण द्रावण दीड मिलिलिटर, काचा ३०, प्रत्येकी ९ गुणिले २२ मिलिमीटरच्या, सर्वांत पातळ जातीच्या. म्हणजे काचेमागे ५० मायक्रोलिटर आणि चौरस सेंटिमीटरला अडीच मिलिग्रॅम. याहून जाड थर दिलात तर वरचे थर काचेचं ऐकत नाहीत. पिपेटच्या टोकाने थेंब मधोमध सोडा आणि कडेला एक मिलिमीटर कोरी जागा राखा; कडेवर साचलेलं लिपिड कधीच सपाट बसत नाही.

इथे नागपूरचं हवामान मध्ये येतं. क्लोरोफॉर्म उडताना काच गार पडते. खोलीत कूलर चालू असेल तर वाळ्याच्या ताट्यांतून आलेली दमट हवा त्या गार काचेवर दवासारखी बसते आणि थरावर दुधी डाग उमटतात. वाळवताना कूलर बंद, फ्यूम हूड चालू. मग निर्वात पंपावर किमान १२ तास, ०.१ मिलिबारच्या खाली. नाक लावून वास घेणं ही चाचणी नव्हे. उरलेला ट्रायफ्लुओरोइथेनॉल वास न देताही पटल सैल करतो.

ओलं करायला बंद डब्यात पोटॅशियम सल्फेटचं संपृक्त द्रावण, आर्द्रता सुमारे ९७ टक्के, एक ते दोन दिवस. पीओपीसी उणे २ अंशांवरच वितळतं, त्यामुळे खोलीचं तापमान चालतं. डीएमपीसी हे लिपिड असतं तर २४ च्या बऱ्याच वर, ३७ ते ४० ला ठेवावं लागलं असतं. नंतर काचा एकावर एक रचून टेफ्लॉन टेप, त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा, आणि कडा उष्णतेने बंद. आता उलटी पंचाईत: मे महिन्याच्या दुपारी कूलर बंद खोलीत आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असते, आणि गुंडाळायला लागणाऱ्या पाच मिनिटांत दोन दिवसांचा ओलावा उडून जातो. ग्लव्ह-बॅगमध्ये ओला टिश्यू पेपर पसरा आणि हात घालून आतच गुंडाळा.

मग यंत्रात पहिलं काम फॉस्फरसचं. दहा मिनिटांत होतं, कारण फॉस्फरस सगळाच ३१ वस्तुमानाचा असतो आणि लिपिड भरपूर असतं. साधा एक-पल्स घेऊ नका, एको (पल्सनंतर थोड्या वेळाने परत उमटणारा सिग्नल) घ्या, नाहीतर रुंद भाग कापला जातो. थराचा लंब क्षेत्राला समांतर ठेवून बघा:

अधिक ३० पीपीएमजवळ एकच अरुंद रेष: लिपिड सपाट बसलंय. उणे १५ ला थोडा उरलेला उंचवटा चालतो. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत आम्ही दुर्लक्ष करतो.

उणे १५ ला शिखर आणि अधिक ३० कडे उतरणारा खांदा: सपाट काही नाही. ओलावा कमी आहे किंवा थर जाड आहे. नायट्रोजन मोजत बसू नका.

शून्याजवळ बारीक रेष: पटल फुटून लहान गोळे झालेत. याबद्दल पुढे, नंदनवनच्या पत्रात.

फॉस्फरस सपाट आणि नायट्रोजन पसरलेला, तर दोष मिसळण्याचा. दोन्ही पसरलेले, तर दोष ओलाव्याचा किंवा थराचा. फॉस्फरस सपाट, आणि नायट्रोजनला ७५ व २१० अशा दोन वेगळ्या अरुंद रेषा, तेव्हा कुठे दोन प्रकारे बसल्याची चर्चा. हेलिक्समध्ये एन-एच बंध अक्षाला जवळजवळ समांतर असतो, म्हणून उभं हेलिक्स २०० च्या पुढे आणि आडवं १०० च्या खाली येतं. १५० ला रेष आली तर ती तिरकीही असू शकते, डगमगणारीही. एकट्या रेषेवरून ठरवता येत नाही.

नायट्रोजन संपल्यावर फॉस्फरस पुन्हा घ्या. रात्रभराच्या प्रोटॉन डीकपलिंगने (हायड्रोजनचा परिणाम पुसायला दिलेल्या रेडिओलहरींनी) नमुना आतून तापतो, बफरमध्ये मीठ असेल तर जास्तच, आणि ओलावा कडेला सरकतो. सकाळचा फॉस्फरस संध्याकाळसारखा नसेल तर रात्रीचा नायट्रोजन अर्धा एका नमुन्याचा आणि अर्धा दुसऱ्याचा आहे. बफर १० मिलिमोलरवर ठेवा, मीठ शक्यतो नकोच.

आमच्या अहवालात नायट्रोजनची रेष उणे १७० आली, शोधनिबंधात तसल्याच पेप्टाइडची २१० आहे. एवढा फरक?
*वाचक, सीताबर्डी*

फरक नाही. तुमच्या ऑपरेटरने शून्य नायट्रोमिथेनवर ठेवलं, निबंधवाल्यांनी द्रवरूप अमोनियावर. दोन मापपट्ट्यांत सुमारे ३८० पीपीएमचं अंतर आहे. उणे १७० मध्ये ३८० मिळवा.

मे महिन्यात ओले करून बंद केलेले नमुने नागपूरहून बाहेरगावच्या केंद्रावर पाठवले. तिथे फॉस्फरसला शून्याजवळ मोठी रेष. पेप्टाइडने पटल फोडलं, असं लिहायचं का?
*फार्मसीचे संशोधक, नंदनवन*

पेप्टाइडशिवायचा, तोच प्रवास केलेला नमुना बरोबर होता का? नसेल तर काहीही लिहिता येणार नाही.

शून्याजवळच्या रेषेची कारणं अनेक. पेप्टाइड साबणासारखं वागलं, हे एक. फार सोनिकेट केल्याने व्हेसिकल लहानच राहिली, हे दुसरं. त्यावर उपाय म्हणजे तीन ते पाच वेळा गोठवणं-वितळवणं. तिसरं, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यांत संशयास्पद: लिपिडचंच विघटन. ओलं लिपिड ४५ अंशांच्या उन्हात डिकीत दिवसभर पडलं की एक शेपूट तुटून लायसोलिपिड तयार होतं, आणि लायसोलिपिड स्वतःच साबण आहे. पीओपीसीमध्ये एकच दुहेरी बंध असल्याने ते हवेतल्या ऑक्सिजनला तसं तोंड देतं; जास्त दुहेरी बंध असलेली लिपिडं अजिबात नाही.

तपासणी स्वस्त आहे. मोजून झालेल्या नमुन्यातला चिमूटभर भाग क्लोरोफॉर्ममध्ये घ्या आणि टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करायच्या) प्लेटवर ताज्या लिपिडशेजारी ठिपका द्या. द्रावक क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, पाणी ६५:२५:४. आयोडीनच्या बरणीत प्लेट ठेवली की पिवळसर ठिपके उमटतात. मूळ लिपिडच्या खाली, सुरुवातीच्या रेषेकडे आणखी एक ठिपका दिसला तर तो लायसो. तो दिसला तर पेप्टाइडवर आरोप करू नका.

ओले नमुने पाठवूच नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. लिपिड-पेप्टाइडची कोरडी फिल्म नायट्रोजन वायूखाली सीलबंद करून, बर्फाच्या जेल-पाऊचांत थर्माकोलच्या डब्यातून न्या आणि तिथे पोचल्यावर ओलं करा. दोन दिवस जास्त जातात, जाऊ द्या. थंडगार कुपी पोचल्या पोचल्या उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आतल्या पावडरीवर पाणी सुटतं.

सॉलिड-स्टेट यंत्रं पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था इथे आहेत. वेळ मागण्याआधी फोन करून एकच विचारा: काचांच्या चपट्या नमुन्यासाठी स्थिर प्रोब (यंत्रातला नमुना धरणारा भाग) आहे का? बहुतेक ठिकाणी फिरत्या रोटरचेच (नमुना भरून फिरवायच्या नळकांडीचेच) प्रोब लावलेले असतात. काचा घेऊन गेलात आणि तिथे ३.२ मिलिमीटरचा रोटर समोर आला, तर आल्या गाडीने परत.

डीएमपीसीत १:२०, ३.२ मिलिमीटर रोटर, कार्बन-१३. ३० अंशांना क्रॉस-पोलरायझेशनमध्ये (हायड्रोजनचा सिग्नल कार्बनकडे वळवायच्या पद्धतीत) लिपिड दिसतं, पेप्टाइड गायब. शिवाय रोटरचा वेग पडद्यावर मध्येच शून्य येतो.
*संशोधक विद्यार्थी, प्रतापनगर*

वेगाचं आधी. रोटरच्या बुडाच्या कडेवर अर्धा भाग काळ्या मार्करने रंगवलेला असतो, त्यावरून प्रकाशकिरण फेरे मोजतो. रोटर इथेनॉलने पुसला की रंगही पुसला जातो. कडा पुन्हा रंगवा, सुकू द्या, बोट लावू नका. रोटर खरंच थरथरत असेल तर भरणं विषम आहे: पिपेटच्या टोकातून सेंट्रीफ्यूजने दोन-तीन मिनिटांत भरा, वरच्या कडेची आतली बाजू कोरडी पुसा (तिथे लिपिडचा पापुद्रा राहिला की टोपण बसत नाही आणि पाणी झिरपतं), ३ किलोहर्ट्झला दहा मिनिटं थांबा, मगच ५००-५०० हर्ट्झने वाढवा.

पेप्टाइड गायब होण्याचं कारण हालचाल. ते पटलात लिपिडपेक्षा सावकाश डोलतं आणि फिरतं. हा वेग सेकंदाला काही दशसहस्र फेऱ्यांच्या घरात आला की तो डीकपलिंगच्या आणि रोटरच्या वारंवारितेशी भिडतो. ना धड स्थिर, ना धड चपळ. लिपिड चपळ असल्याने सुटतं, पेप्टाइड मधल्या मध्ये अडकतं. दोन उपाय. ४०-४५ अंशांपर्यंत तापवा, म्हणजे हालचाल त्या पट्ट्याच्या पुढे जाईल; त्याच वेळी इनेप्ट या चपळ रेणूंना मानवणाऱ्या पद्धतीनेही घेऊन बघा. नाहीतर उणे २० ते उणे ३० अंशांपर्यंत गोठवा. गोठवल्यावर सिग्नल येतो, पण रेषा रुंद होतात, कारण प्रत्येक रेणू जिथे होता तिथेच अडकतो. एकेका जागी लेबल असेल तर चालतं. सगळं पेप्टाइड लेबल केलेलं असेल तर रेषांची खिचडी होते.

आणि तुमचे ३० अंश खरे ३० नाहीत. हवेच्या घर्षणाने रोटर तापतो, १० किलोहर्ट्झच्या आसपास सहज काही अंश. लेड नायट्रेटची पूड त्याच वेगाने फिरवून शिसे-२०७ ची रेष बघा. ती अंशामागे सुमारे ०.७५ पीपीएम सरकते. तुमच्या यंत्राचा तक्ता एकदाच करा, भिंतीला लावा.

हेलिक्सची खूण: अल्फा कार्बन आणि कार्बोनिल, दोन्ही मोकळ्या साखळीच्या तुलनेत दोन-तीन पीपीएम वर, बीटा कार्बन खाली. पट्ट्याच्या, म्हणजे बीटा रचनेत नेमकं उलट. अॅडमॅन्टेन या संदर्भ पुडीने शून्य लावताना तिची रेष टीएमएसच्या मापपट्टीवर ३८.४८ आणि डीएसएसच्या मापपट्टीवर ४०.४८ धरतात; दोन पीपीएमची ही गफलत हेलिक्सचा पुरावाच खाऊन टाकते.

एका नायट्रोजन लेबलवरून हेलिक्सचा झुकाव काढता येतो का? दुसरं पेप्टाइड बनवायला पैसे नाहीत.
*प्राध्यापक, काटोल रोड*

उभं की आडवं, एवढं सांगता येतं. अंशांत झुकाव नाही. कारण एकाच रेषेला झुकाव आणि स्वतःभोवतीचं वळण यांच्या अनेक जोड्या बसतात.

पैसे जमवता आले तर नायट्रोजन वाढवण्यापेक्षा अॅलॅनिनच्या मिथाइलवर तीन ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) लावा. हा मिथाइल हेलिक्समधून बाजूला डोकावतो, त्यामुळे त्याची दुभंगलेली रेष कलाला आणि वळणाला दोन्हींना फार हळवी असते. शून्यापासून ७५ किलोहर्ट्झपर्यंत कुठेही जाते. हेलिक्समध्ये पुढचं अमिनो आम्ल १०० अंश वळलेलं असतं, म्हणून चार जागा, चार पेप्टाइडं, आणि चारही मोजमापं एकाच मळसूत्रावर बसवायची. चिन्ह अधिक की उणे हे कळत नाही, म्हणून तीनवर थांबू नका. पेप्टाइड जीवाणू मारणारं असेल आणि ल्यूसिनच्या जागी अॅलॅनिन घातलं असेल, तर ते जीवाणू अजून तसंच मारतं का, हे आधी तपासा. ओलं करायला ड्यूटेरियम काढून टाकलेलं पाणी वापरा. साध्या पाण्यातलं नैसर्गिक ड्यूटेरियमसुद्धा मधोमध खांब उभा करतं. बसवताना पेप्टाइडचं डोलणंही धरा. ते ठार स्थिर मानलं तर झुकाव खऱ्यापेक्षा कमी निघतो.

खर्च वाचवायची एक जागा: साध्या अमिनो आम्लाची जोडणी चार-पाचपट घेऊन करतात, लेबलवाल्याची दीडपट घेऊन, जास्त वेळ ठेवून करा. ग्लायसिन, अॅलॅनिन, ल्यूसिन स्वस्त. लेबल केलेल्या आर्जिनिनच्या वाटेला जाऊ नका.

पोटॅशियम सल्फेट संपलंय. डब्यात संपृक्त मीठ-पाणी ठेवलं तर?
*प्रयोगशाळा सहायक, महाल*

साध्या मिठावर आर्द्रता ७५ टक्क्यांवर अडते, लिपिडला ती पुरत नाही. पोटॅशियम नायट्रेट असेल तर चालेल, ९३ टक्के मिळतात. कुठलंही घ्या, तळाशी न विरघळलेले खडे दिसत राहिले पाहिजेत. खडे संपले की द्रावण संपृक्त राहत नाही, आणि डब्यातली आर्द्रता तुम्ही समजता ती नसते.